अळणी बशी

पेल्याच्या तळाशी पांढरं कडं दिसलं आणि माझा हात नळाखाली तसाच थांबला. पेला माझाच. बुटका, जाड काचेचा, माझ्या पाण्याच्या जगाशेजारी खिडकीत असतो. झोपायच्या आधी मी तो धुऊन पालथा घालते. काल राहिला. काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "दादांची मूत्रपिंडं आहेत तिथे थांबलीयत हं. घसरत नाहीयेत." त्यानंतर मी कुठे पाय टाकत होते हेच मला कळत नव्हतं. देवाच्या कोनाड्यासमोर बसले, उठले, पुन्हा बसले. घोटभर पाणी पेल्यात तसंच राहिलं आणि दिवसभर उन्हात तापलेल्या कठड्यावर ते रात्रीतून आटून गेलं. आता एवढं काय त्यात, पाणी आटलं की डाग राहतोच, असं कुणीही म्हणेल. पण नळाच्या पाण्याचा डाग मला माहीत आहे. तो राखाडी असतो, धुरकट, बोट फिरवलं तर खरखरत नाही. हा खरखरला. आणि पांढऱ्याच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही, कारण इतकी वर्षं मी दादाच्या प्रयोगाच्या बशा धुतल्या आहेत. दुसरं काही नसलं तरी पांढऱ्याचे प्रकार मला ओळखू येतात: सुयांसारखं सुकणारं, पापुद्र्यासारखं सुकणारं, आणि ते एक आगाऊ मीठ, जे सुकवून ठेवलं तरी रातोरात हवेतलं पाणी पिऊन सकाळी ओलंचिंब बसलेलं असायचं. दादा त्याला 'जावई' म्हणायचा.

मी पेला धुतला नाही. सकाळची प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा नेम फार जुना, त्यामुळे तोंडातून काही निघण्याचा प्रश्न नव्हता. दादा बाल्कनीत त्याच्या तव्यापाशी वाकून उभा होता. तवा म्हणजे गरम होणारी चपटी पट्टी, तिच्यावर काचेच्या बशा. निवृत्त झाल्यावर लोक बाल्कनीत गुलाब लावतात, दादाने तिथे पृथ्वीवरचं पहिलं डबकं मांडलं, ज्यात जीव पहिल्यांदा जुळला असेल तसलं. मी पदराआड पेला धरून त्याच्या टेबलाशी गेले, त्याचं भिंग घेतलं आणि पाहिलं. चौकोन. बारीक, नीटस, एकमेकांवर रचलेले चौकोन. साधं मीठ. स्वयंपाकातलं. माझ्या पाण्यात.

मी मीठ सोडलेलं आहे. दादाची मूत्रपिंडं थकली आहेत असं कळलं, डॉक्टरीणबाईंनी त्याला दिवसाला फक्त चिमूटभर मिठाची मुभा ठेवली, त्याच दिवशी मी देवासमोर सांगितलं, की याला सांभाळ, मी मीठ खाणार नाही. जेवणात नाही, कशातच नाही. दादाला सांगणार नव्हते, पण एका टेबलावर जेवणाऱ्या माणसांपासून हे लपत नाही. त्याने माझी भाजी चाखली आणि चमचा खाली ठेवला. मला वाटलं रागावणार. देवाला लाच देतेस का, असं तो मागे एकदा म्हणाला होता. पण तो म्हणाला, "चिंगे, म्हणजे तू आमची अळणी बशी." त्याच्या कामात प्रत्येक वेळी एक बशी बिनमिठाची ठेवावी लागते. बाकी सगळं तसंच, तेच पाणी, तोच ताप, फक्त मीठ नाही. ती नसेल तर मिठाने काय केलं हे कळायचं कसं? "सगळ्यांत कंटाळवाणी बशी," दादा म्हणायचा, "तिच्यात फारसं काही घडत नाही. पण ती नसली तर बाकीच्यांना तोंड उघडायची सोय नाही." तेव्हापासून रोज जेवायला बसताना, "अळणी बशी आली का? चला." मला ते आवडायचं. कुणाच्या तरी कामात आपली गरज आहे, असं वाटायचं.

तसं त्याचं काम काय हे मला त्याने कितीदा समजावलं असेल. मी नोकरी केली ती टेलिफोनच्या कचेरीत. कानाला यंत्र लावून बसायचं, दोन माणसांच्या तारा जोडून द्यायच्या आणि आपण बाजूला व्हायचं. माझा आवाज हळू, म्हणून सुरुवातीला साहेब म्हणायचे, या बाईंचं कसं होणार. पण हळू आवाजाला लोक कान देतात, हे त्यांना नंतर कळलं. दादाने तेच धरलं. म्हणाला, जीव म्हणजे शेवटी लांब साखळ्या. कड्या तयार असतात, अमिनो आम्लं म्हणतात त्यांना, ती पाण्यात असतात भरपूर. पण एका कडीने दुसरीचा हात धरायचा तर दोघींमधून पाण्याचा एक कण बाहेर पडावा लागतो. आणि आजूबाजूला सगळं पाणीच पाणी. भरलेल्या गाडीतून उतरायचं आणि फलाटावरही तितकीच गर्दी, मग उतरणार कुठे? म्हणून डबकं आटावं लागतं. पण पार खडखडीत आटलं तर कड्या जागच्या जागी गोठतात, एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. "इथे मीठ येतं," दादा म्हणायचा, आणि त्याचा चेहरा असा व्हायचा जसा इतरांचा नातवंडांबद्दल बोलताना होतो. "विरघळलेलं मीठ त्या पाण्याला बोलण्यात गुंतवतं. बोलक्या आत्यासारखं. पाहुण्यांना एका कोपऱ्यात धरून बसते, तेवढ्यात इकडे पोरंपोरी एकमेकांशी बोलून घेतात. आणि थोडी ओलही धरून ठेवतं, म्हणजे हलायला जागा. सगळीच मिठं सारखी नसतात हां. एक आत्या गुंतवते, दुसरी सगळ्यांनाच पळवून लावते." मी विचारलं, मग साखळीत ते मीठ कुठे असतं? तो म्हणाला, "नसतं. साखळी धुऊन घेतली की निघून जातं. तुझ्या टेलिफोनसारखं." मी त्यावर पुष्कळ दिवस विचार करत होते. लोकांचे निरोप, भांडणं, दवाखान्यातून आलेल्या बातम्या माझ्या बोटांखालून गेल्या, त्यातला एक शब्दही माझा नव्हता. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, पण कुणीतरी ते मोजलंय असंही वाटलं नव्हतं.

देवाचं आणि त्याचं या घरात कधी भांडण झालं नाही. "तुझ्या देवाचं काम हलकं करतोय," तो म्हणायचा. "त्याने प्रत्येक जीव हाताने कशाला घडवायचा, डबकं मांडून दिलं की झालं." मी म्हणायचे, मग मीठ कुणी टाकलं? तो म्हणायचा, खडकांतून आलं. तो थोडा वेळ वाट बघायचा आणि म्हणायचा, "विचार ना, खडक कुणी केले?" मी विचारायचे नाही. मला त्याला जिंकायचं नव्हतं, आणि हरवलं असतं तर तो जेवला नसता.

आणि आता हा पेला. प्रार्थनेला बसले, पण डोळे मिटले की चौकोन दिसत होते. माझा जग मी सकाळी भरते आणि दिवसभर त्यातलंच पाणी पिते, हाही नेमच. त्या जगाला माझ्याशिवाय हात लावणारं घरात एकच माणूस. म्हणजे मी उपास केला असं समजत होते आणि उपास नव्हताच. किती दिवस? मी रोज देवासमोर बसून म्हणायचे, माझं मी पाळतेय, तुझं तू पाळ. त्याने ऐकून घेतलं असेल आणि काय वाटलं असेल त्याला. लहान मुलासारखी मी घाबरले होते. दादावर रागावले नव्हते असं नाही. पण रागाच्या खाली भीती होती, आणि तिचा आकार अगदी स्पष्ट होता: नेम मोडला, तर दादा जाईल. शहाणी माणसं असा विचार करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण शहाणपण जिथे ठेवलेलं असतं तिथे ही भीती नसते, ती पोटात कुठेतरी असते, आणि तिथपर्यंत कुणाचं बोलणं पोचत नाही.

"आज फार वेळ लावलास," दादा म्हणाला. मी उठले तेव्हा तो टॉवेलने हात पुसत होता. "काही विशेष मागितलंस की काय?"

"नाही."

"माझ्यासाठी मागत असशील तर नवीन चष्म्याचं बघ. मूत्रपिंडांचं काल मंजूर झालंय."

मी हसले नाही. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा खिडकीकडे पाहिलं. पेला तिथे नव्हता, तो माझ्या पदरात होता. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, मला कळलं नाही. तो पुन्हा बाल्कनीत गेला आणि बशांवर पाण्याची फवारणी करू लागला. पहिल्या डबक्यावर त्या दिवशीही पाऊस दादानेच पाडला.

भाजी आणायला म्हणून मी बाहेर पडले. रस्ता नेहमीचाच. चाव्या बनवणाऱ्याचं दुकान, त्याच्या पुढे छत्र्या आणि सुटकेसा दुरुस्त करणारा, कोपऱ्यावर धुलाईचं दुकान, ज्याच्या दारातून गरम वाफ पायांवर येते. या वाफेपाशी मला मागे चक्कर आली होती. आधी पाय कापसाचे झाले, मग दुकानाच्या पाटीवरची अक्षरं एकमेकांत मिसळली, आणि भानावर आले तर धुलाईवाली बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, रक्तातलं मीठ फार खाली गेलंय, तुमची रक्तदाबाची गोळी ते बाहेर टाकते आणि तुम्ही खात तर अजिबात नाही. असंच चाललं तर एक दिवस पडाल आणि उठणार नाही. मी हो हो म्हटलं. घरी येऊन दादाला सांगितलं, उन्हाने आली असेल. आणि नेम चालू ठेवला, कारण मला वाटलं, देवाला सांगितलेलं महाग पडायला लागलं म्हणून मागे घ्यायचं, ही कुठली रीत? पण त्यानंतर चक्कर आली नाही. पाय पुन्हा पायांसारखे झाले. मी ते देवाच्या खाती मांडलं होतं. वाफेत उभी राहून मी आता त्या दिवसांकडे नव्याने पाहत होते, आणि ते सगळे थोडे थोडे चौकोनी दिसत होते.

परतताना डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या, दोन पिशव्या आणि दातांत किल्ली. किल्ली काढून म्हणाल्या, "तोंडावर रंग आलाय तुमच्या. खाताय ना मीठ?"

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ऐकणार नाही वाटलं होतं मला. म्हणून दादांच्या कानावर घातलं. रागावू नका हां. ते म्हणाले, तिला खा म्हणून सांगण्यात अर्थ नाही, ती ऐकायची नाही. मी बघतो म्हणाले." मग जरा थांबून, "काय बघितलं त्यांनी?"

"त्यांना विरघळवता येतं," मी म्हटलं. त्यांना ते समजलं नाही, पण घाईत होत्या, हसून आत गेल्या.

मी जिन्यातच उभी राहिले. कठड्याचं लाकूड थंड होतं. राग कुठे गेला हे मी शोधत होते आणि सापडत नव्हता. सत्तरी ओलांडलेला माणूस, प्रार्थनेला बसलेल्या बहिणीची पाठ बघून हळूच उठतो, चोरपावलांनी खिडकीशी जातो. चवीला कळणार नाही इतकं पातळ ठेवायचं, आणि तरी दिवसभरात पुरेसं जाईल इतकं घालायचं. त्याने प्रमाण काढलं असणार. जन्मभर त्याने तेच केलं होतं, किती मिठाने काय जमतं आणि किती मिठाने सगळं बिघडतं. पण भीती तशीच होती. त्याने मला वाचवलं होतं, आणि मी त्याला वाचवण्यासाठी जे धरलं होतं ते माझ्या हातातून काढून घेतलं होतं, तेही मला न विचारता. मी आता नव्याने मीठ सोडावं, जग कुलपात ठेवावा? की त्याच्यासमोर पेला ठेवावा आणि म्हणावं, हे तू काय केलंस? मला दोन्ही दिसत होतं आणि दोन्हीच्या शेवटी कुणीतरी एकजण जमिनीवर पडलेलं दिसत होतं.

दुपारी जेवायला बसलो. मी त्याच्या वाटणीचं मीठ रोज सकाळी एका छोट्या वाटीत काढून त्याच्या टेबलावर ठेवते. ते तो एका काचेच्या नळीत भरतो, प्रयोगातल्या, बुचाच्या, आणि नळी शर्टाच्या खिशात ठेवून दिवसभर पुरवून खातो. असं तो म्हणाला होता, आणि मला ते त्याच्या स्वभावाला शोभणारंच वाटलं होतं. भात, गाजर-मटाराची भाजी, दही. "अळणी बशी आली का? चला." त्याने खिशातून नळी काढली, बूच काढलं, ताटावर तिरकी धरून तर्जनीने दोनदा टकटक केलं. रोज मी या वेळी माझ्या ताटाकडे बघत असते. आज मी त्याच्या बोटाकडे बघत होते. नळीतून काही पडलं नाही. नळी स्वच्छ होती, आरपार दिसत होती, तिच्यातून त्याच्या शर्टाचं बटण दिसत होतं. त्याने भात कालवला, घास घेतला, चावला आणि म्हणाला, "आज जरा जास्तच पडलं."

आणि मला तो चेहरा आठवला. गाल किंचित आत ओढलेला, भुवया वर, फार चव लागल्यासारखा. लहानपणी आई आम्हाला शाळेच्या वाटेवर चोखायला एकेक गोळी द्यायची. माझी आधी संपायची, मी रडकुंडीला यायचे, आणि दादा आपली गोळी माझ्या हातावर ठेवून म्हणायचा, माझ्याजवळ अजून एक आहे. मग सगळ्या वाटेवर तो रिकामा गाल फुगवून चोखत चालायचा, मधूनच गाल बदलायचा, अगदी आवाजासकट. शाळेच्या फाटकापर्यंत. मी कितीतरी दिवस खरं मानलं होतं. एकदा जीभ दाखव म्हटलं तर म्हणाला, आत्ताच गिळली. दादाला खोटं बोलता कधीच आलं नाही. खोटं खाता मात्र येतं.

म्हणजे दिवसाची ती चिमूट. घरात मीठ मी मोजून काढते, डबा माझ्या हाताखाली असतो, त्यातलं मोजल्यापेक्षा जास्त गेलं असतं तर मला कळलं असतं. तसं झालं नव्हतं. त्याने डब्याला हात लावला नव्हता. त्याने त्याची चिमूट माझ्या जगात विरघळवली होती, आणि स्वतः, मुभा असताना, रोज, दोन्ही वेळा, काहीही न घालता जेवत होता. ताटावर टकटक करून. काल डॉक्टरीणबाई जिन्यात म्हणाल्या होत्या की थांबलीयत. थांबणारच. मी घास तोंडात तसाच धरून बसले.

"काय झालं?" दादाने विचारलं. "ठसका?"

"नाही."

"पाणी पी."

त्याने माझा पेला स्वतः भरला. सकाळी मी तो त्याच्या नकळत जागेवर ठेवला होता, तळाचं कडं तसंच ठेवून. त्याने कडं पाहिलं. पाहिलं असणारच, पांढऱ्याच्या बाबतीत तो माझा गुरू. क्षणभर जग त्याच्या हातात तिरका राहिला. मग त्याने पाणी ओतलं, कडं त्यात दिसेनासं झालं, आणि त्याने पेला माझ्यापुढे सरकवला. मी तो पूर्ण प्यायले, मध्ये न थांबता. तो बघत होता. मी पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "तुझी नळी धुवायला टाक. फार दिवस वापरतोयस."

"स्वच्छ आहे ती," तो म्हणाला.

"हो, ते दिसतंय."

त्याने मान खाली घातली आणि गाजराचे तुकडे ताटाच्या कडेने ओळीत लावू लागला, लहानपणी शिक्षा झाली की करायचा तसं. कान लाल झाले होते. नंतर आम्ही विषय काढला नाही. तो चष्म्याबद्दल बोलला. त्याची विद्यार्थिनी उद्या बशा न्यायला येणार, संस्थेतल्या यंत्रावर तपासून सांगणार, या वेळी साखळ्या लांब मिळतील असं त्याला वाटतंय, मीठ बदललंय. आणि अळणी बशीत? मी विचारलं. "अळणी बशीत दोन-दोन कड्यांचे जोड मिळतात," तो म्हणाला. "दोघं दोघंच. पुढे जात नाही. पण दोघं मिळतात."

संध्याकाळी मी देवासमोर बसले तेव्हा काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. क्षमा मागावी तर कुणी? मी नेम मोडला नव्हता, मला माहीतच नव्हतं. दादाने मोडला होता, पण मोडून टाकला नव्हता, उचलून आपल्या ताटात घेतला होता, आणि देवाला न मानता, कुणाला न सांगता, वर आज जास्त पडलं म्हणत, तो माझ्यापेक्षा नीट पाळला होता. या सगळ्याचं कोष्टक मांडायचा मी प्रयत्न केला आणि मला हसू आलं. शेवटी म्हटलं, बघ बाबा, आता तूच बघ, आम्हा दोघांचं हे असं आहे. दिवा शांत जळत होता. भीती पोटात होती, पण तिच्याजवळ आणखी कुणीतरी येऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जग घासला, भरला आणि खिडकीत ठेवला, पण झाकण बाजूला ठेवलं, हाताला लागेल असं. वाटीत चिमूट काढली, ती त्याच्या टेबलावर न ठेवता जगाशेजारीच ठेवली. पेला पालथा घातला. मग कोनाड्यासमोर बसले, खिडकीकडे पाठ करून, डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. बाल्कनीतला तवा तापल्याचा बारीक कर्र आवाज. मग त्याची पावलं आली, नेहमीपेक्षा जास्त वाजणारी, आणि थांबली. तो तिथे उभा होता. त्याने वाटी पाहिली असेल, झाकण पाहिलं असेल, माझी पाठ पाहिली असेल. मी हलले नाही. काचेवर चमचा लागला, एकदा, मग पुन्हा, मग संथ, गोल गोल, अजिबात न लपवता. माझी प्रार्थना खरं तर संपली होती. मी ती पहिल्यापासून पुन्हा सुरू केली, कारण मीठ नीट विरघळायला वेळ लागतो, आणि दादाला अर्धवट ढवळलेलं चालत नाही.